चाकाले इचार

नागपूर सपाट नाही, हे माहीत असलेला माझ्या ओळखीतला एकच माणूस होता, तो म्हणजे माझे थोरले साडू. बाकी सगळ्या गावाने मोटारीत बसून ते सपाट करून टाकलं होतं. साडूंच्या नागपुरात मात्र धरमपेठेत भाजी आणायला जाताना चढ लागायचा, आणि परतताना दूरच्या एका गल्लीत उतार होता म्हणून तिकडूनच यावं लागायचं. मेथी घरी पोचेपर्यंत माना टाकत असे.

हे चढउतार त्यांना त्यांच्या सायकलींनी दाखवले होते. जुन्या विलायती रेसिंग सायकली, बारीक पोलादी नळ्यांच्या, जेमतेम बोटभर रुंद टायरच्या, एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेल्या. त्या दिवाणखान्यात उभ्या असत आणि पाहुण्यांनी त्यांच्यामधून वाट काढायची असे. त्यातली हिरवी सर्वांत लाडकी. तिचं मागचं चाक उचलून ते हाताने फिरवून सोडायचे आणि त्याची बारीक टिकटिक डोळे मिटून ऐकत राहायचे. पाय मारणं थांबवलं आणि सायकल आपली आपण चालत राहिली की होतो तो आवाज. मीही ऐकत बसे. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेहुणी, चहा ठेवून म्हणत, "भजन सुरू आहे तुमचं. आटोपलं की प्या."

एकदा बुटीबोरीच्या एका लग्नाला ते पँटचा उजवा पाय मोज्यात खोचून हिरवीवर निघाले. पोचले तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक रचत होते. "काहून इतका उशीर?" ताईंनी विचारलं. "वाटेत एक उतार भेटला वं," ते म्हणाले. "गोड होता. मंग मागं जाऊन पुन्हा उतरलो." एका हॉटेलात भिंतीवर शोभेला टांगलेली सायकल पाहून ते समोरची थाळी सोडून उठले होते. "मी मेल्यावर मले टांगा भिंतीले, हार घाला. सायकल काहून टांगता? तिनं काय बिघडवलं?"

आमचा वाद एकाच रस्त्यावरून होता. माझ्या घरापासून वाचनालयाकडे जाताना वाटेत एक कडुनिंब आहे. तिथून पुढे उतार लागतो, असं ते म्हणत. मी त्या रस्त्याने रोज पायी जातो. मला तो कधी लागला नाही. एका मे महिन्यात मी पुराव्यासाठी तांब्याभर पाणी तिथे ओतलं. कोणत्या बाजूला जावं हे ठरवण्याआधीच ते वाळून गेलं. साडूंनी ओल्या डागाकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पाण्याले काय समजते गा? चाकाले इचार." हिरवीवर बसून बघ, असा त्यांचा आग्रह असे. मी म्हणे, पुढच्या हिवाळ्यात. असे बरेच हिवाळे गेले. या हिवाळ्यात ते नाहीत.

बाकीच्या सायकली त्यांच्या सायकलवेड्या मित्रांनी नेल्या. हिरवी राहिली. धरमपेठेत कॉफीचं नवं दुकान काढणाऱ्या एकाला ती हवी होती, दुकानाच्या भिंतीसाठी. ताईंनी मला बोलावून घेतलं.

"भाऊजी, तो उद्या येऊन राहिला न्यायले. माणूस चांगला आहे, रोज पुसत जाईन म्हणते. पण टांगलेली मले पाहवणार नाही, अन् ही अशी उभी असलेली बी पाहवत नाही."

साडू हार घातलेल्या फोटोत भिंतीवर होते. मी वर पाहायचं टाळलं.

"मी नेतो," मी म्हणालो.

"तुमाले येते का?"

"कॉलेजात येत होती."

ताईंनी माझ्या पँटकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उजवा पाय मोज्यात खोचा. चेन पँट खाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. चामड्याची सीट त्यांच्या अंगाने दबून त्यांच्याच आकाराची झालेली होती. त्या खळग्यात मी कसाबसा मावलो. धुकं होतं. हँडल थोडं डुगडुगलं, मग त्यानेच मला सांभाळून घेतलं. कडुनिंबापाशी आलो आणि पाय थांबवले. मागे टिकटिक सुरू झाली. एक फाटक गेलं, दुसरं गेलं, कुणाची तरी तुळस गेली, आणि हिरवी चालतच होती. हा उतार होता, की त्यांनी भरलेलं ग्रीस अजून ओलं होतं, कळायला मार्ग नव्हता. सांगायलाही कुणी नव्हतं.

वाचनालय आलं. मी उतरलो नाही. वळून कडुनिंबापाशी परत गेलो. जाताना चढ लागतो का हे पाहायचंच राहिलं. झाडाखालून सायकल फिरवली, आणि पुन्हा पाय थांबवले.