किशनरावांची कातडीची पारख

किशनराव परभणीच्या एका हकिमाकडं तीन वर्षं खलात मुळ्या कुटत होते. हकिमानं हाकलून दिलं, आणि जिंतूरकडच्या आपल्या गावी ते परतले ते थेट हकीम होऊनच. हात खास कातडीवर. इसब असो, नायटा असो की महारोग, चार हातांवरून ओळखत. जवळ जायची त्यांना किळस यायची.

पारख सोपी होती. अंगणात उभा राहील त्याला नायटा, ओसरीवर बसेल त्याला इसब, आणि लोडाला टेकेल त्याला नुसती उष्णता.

मेंढरं राखणाऱ्या भिवराबाईच्या कोपरांवर लाल चट्टे उठले. वर पांढरा पापुद्रा. खाजवलं की कोंडा गळायचा. किशनरावांनी लांबूनच मान हलवली. "महारोग!"

झालं. तिला आड बंद झाला. नवऱ्यानं, मल्हारीनं, तिची चूल गोठ्याशेजारी मांडली. बाई नदीवरून पाणी आणू लागली. वर्ष गेलं. ना बोटं झडली, ना नाक बसलं. पण किशनराव बोलले म्हणजे बोलले.

मग जमाबंदीला तालुक्याहून महसुलाचे गिरदावर बन्सीधरराव आले. चावडीत लोडाला टेकून त्यांनी शेरवानीची बाही वर सारली. "किशनराव, हे जरा बघा. आठ महिने झाले, जात नाही." कोपरावर लाल चट्टा, वर पांढरा पापुद्रा.

या वेळी किशनराव अगदी जवळ गेले. "उष्णता, सरकार! गुलकंद खावा."

गायरानाची तक्रार घेऊन भिवराबाई दारात उभी होती. तिनं कोपर पुढं केलं. "सायब, तुमचं अन् माजं एकच हाय. मंग मला महारोग अन् तुमाला उष्णता, असं कसं वो?"

किशनराव पुन्हा चार हात मागं सरले. "सरकार, हिची उष्णता जरा... गरीब हाय."

गिरदावर पांढरेफटक पडले. हैदराबादच्या एका डॉक्टरचं बोलणं त्यांना आठवलं: महारोगाचा डाग बहुधा बधिर असतो. "काटा आणा. आधी हिला टोचा!"

बाभळीचा काटा आला. तो भिवराबाईनंच घेतला, आपल्या चट्ट्यात टोचला. "आई गं!" रक्ताचा थेंब आला. मग तिनं काटा साहेबाच्या कोपराला लावला. साहेब असे किंचाळले, की बाहेरची मेंढरं बुजली. "दुखलं! दुखलं!" काटा टोचला म्हणून नाचणारा अंमलदार गावानं पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी भिवराबाई आडावर गेली. बाया बाजूला सरकल्या, पण हटकलं कुणी नाही. मल्हारी चूल आत न्यायला आला, तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे हितंच. जेवायचं आसंल तर तू ये गोठ्यात."

आणि किशनराव? "महारोगाची उष्णता करून दाखवली," असं ते पारावर सांगू लागले, आणि पुढच्या बाजारी त्यांच्या दारात दुप्पट गर्दी होती.