सातवा रकाना

वर्कशॉपमधल्या बेचाळीस माणसांना फोरमनच्या आवाजाची धास्ती होती, पण फोरमनला स्वतःला अभिमान होता तो अक्षराचा. एकोणिसाव्या वर्षी तो इथे बस धुणारा म्हणून लागला, बसखालच्या खड्ड्यात उभं राहून ब्रेकचं काम शिकला आणि एकतीस वर्षांनी खड्ड्यातून वर येऊन काचेच्या केबिनमध्ये बसला. केबिनमध्ये एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि रोजची वही. कुठली गाडी आली, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, किती वाजता सोडली, वगैरे सहा रकाने. दुसऱ्या वर्कशॉपांचे फोरमन निम्म्या रकान्यांत ‘निरंक’ लिहून घरी पळायचे. हा बाबा मात्र एक रकाना रिकामा सोडील तर शपथ. निरंक लिहिणं म्हणजे शुद्ध कामचुकारपणा, असं त्याचं ठाम मत. बायको म्हणायची, “अहो, तुम्ही बाजाराची यादीसुद्धा तारीख-वेळ घालून लिहिता.” त्याला ते कौतुक वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही ज्याला बायकोचं कौतुक कुठलं आणि टोमणा कुठला हे कळत नाही, त्याला काय म्हणावं!

पाच वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत हाच फोरमन चहाच्या सुट्टीत बाकावर चढून म्हणाला होता, “घराला एक खमका माणूस लागतो, तसा देशालाही लागतो. मऊमऊ बोलणारे पुरे झाले. लेको, मर्दासारखं मत द्या!” बेचाळीसच्या बेचाळीस माना डोलल्या. रजा मंजूर करणारा माणूस बोलत असला की माना आपोआपच डोलतात. ज्यांना सगळे ‘कडक साहेब’ म्हणत, ते निवडून आले. फोरमननं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

कडक साहेबांचं राज्य सुरू झालं. वर्तमानपत्रं मुकी झाली, युनियनच्या खोलीला कुलूप लागलं. तीन वर्षांनी हेड ऑफिसातून नवी वही आली. तिच्यात सातवा रकाना होता: सरकारविरोधी बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि तो काय बोलला.

वर्कशॉपात एक वायरमन होता. चटकन तापायचा म्हणून त्याला सगळे फ्यूज म्हणत. एकदा हेडलाइटच्या वायरी जोडता जोडता तो म्हणाला, “साहेब झाले देशाचे मालक आणि आपण झालो भाडेकरू.” सगळे खो खो हसले. फोरमनही हसला. आणि संध्याकाळी केबिनमध्ये बसून त्यानं ते वाक्य जसंच्या तसं सातव्या रकान्यात उतरवलं, वेळेसकट. मनात आकस म्हणाल तर काडीचा नव्हता. फार तर समज देतील, पोराचं तोंड जरा आवरेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि रकाना मोकळा ठेवायचा तरी कसा? चौथ्या दिवशी दोन माणसं आली आणि फ्यूजला भर कामातून उचलून घेऊन गेली. त्याचा टेस्टर बसच्या पायरीवर तसाच पडून राहिला.

अकरा महिन्यांनी तो सुटला. नोकरी गेली होती आणि डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मागच्या गल्लीत हातभर दुकान टाकून तो पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायला लागला. फोरमन घरची धडधाकट इस्त्री मुद्दाम बिघडवून त्याच्याकडे न्यायचा. “दादा, तुमच्या इस्त्रीला नजर लागली की काय!” फ्यूज हसून म्हणायचा, आणि फोरमनला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

चुगली कुणी केली, याचा शोध वर्कशॉपनं केव्हाच लावला होता: पेंटरनं. का, तर तो कुणात मिसळत नसे आणि त्याचा मेहुणा सरकारी कचेरीत होता. एवढा पुरावा त्यांना पुष्कळ झाला. दोन वर्षं पेंटरशी कुणी बोललं नाही. ब्रश धुवायच्या नळाजवळ तो एकटा डबा खायचा. फोरमनला केबिनमधून ते समोरच दिसायचं. पहिल्या वर्षी तो मूग गिळून बघत राहिला, दुसऱ्या वर्षी त्यानं टेबलच फिरवून घेतलं. एकदा फोरमन लोकांच्या बैठकीत त्यानं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “सातव्यात तुम्ही काय लिहिता?” सगळे त्याच्याकडे बघायलाच लागले. “निरंक! दुसरं काय लिहिणार?” त्यांच्यापैकी एकाचंही काही वाकडं झालं नव्हतं. म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती कुणीच केली नव्हती. ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नाही.

आता पुन्हा निवडणूक आली. या खेपेला कडक साहेबांनी आडपडदाच ठेवला नव्हता: जिंकलो की कायदा बदलणार, मग ही दर पाच वर्षांची कटकटच नको. मतदानाला आठ दिवस उरले होते. बेचाळीस माणसं आपण त्यांच्या पदरात टाकली, ती आपणच परत आणायची, असं फोरमननं ठरवलं.

तो पुन्हा बाकावर चढला. “ब्रेक नसलेली गाडी सुसाट पळते, म्हणून तुम्ही तिला दमदार म्हणता का रे? म्हणता की खड्ड्यावर घेऊन खोलता? या माणसाला ब्रेक लावायचाय. मत विरोधात द्यायचं. कळलं?” माना डोलल्या. घरी येऊन त्यानं हे बायकोला मोठ्या फुशारकीनं सांगितलं.

“मागच्या वेळीही डोलल्याच होत्या की,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “उद्या तुम्ही म्हणालात भिंतीला मत द्या, तरी डोलतील. त्यांना पटलं का, ते विचारलंत?”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकावर चढून त्यानं खरंच विचारलं. जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. शेवटी गिअरबॉक्सचं काम करणारा फिटर, जो कुणाचीही टिंगल करायला मागेपुढे बघत नसे, ग्लास खाली ठेवून म्हणाला, “दादा, रागावू नका. मागच्या वेळी म्हणालात मर्दासारखं मत द्या. आता म्हणता उलटं द्या. आम्ही आमच्या मर्दपणाचं नक्की करायचं तरी काय?”

हशा पिकला. फोरमन म्हणाला, “अरे, फ्यूजचं काय झालं ते बघितलंत ना?”

“त्यात साहेबांचा काय दोष? साहेब आले होते का इथे कान लावायला? चुगली आपल्यातल्याच नीच माणसानं केली.” फिटरनं नळाकडे मान उडवली. “असली माणसं आहेत म्हणूनच वर कडक माणूस लागतो.”

पेंटरनं मान वर केली नाही. फोरमन बाकावरून खाली उतरला. इतके दिवस जे गिळून ठेवलं होतं, ते आता गिळवेना.

“पेंटरनं नाही केली. मी केली.”

मग त्यानं सगळं सांगितलं. वही, रकाना, वाक्य, वेळ. “मला कुणी धमकावलं नव्हतं. पैसे दिले नव्हते. त्याला नीच माणूस लागतच नाही रे, सांगितलेलं काम नीट करणारा माणूस पुरतो. वर असा साहेब बसला की खाली माझ्यासारखे आपसूक कामाला येतात. उद्या तुमच्यातलाही कुणी येईल. एवढंच सांगायचं होतं.”

फिटरचा चेहरा लालबुंद झाला होता. “दोन वर्षं मी या माणसाच्या तोंडाकडे बघितलं नाही,” तो म्हणाला. “आणि तुम्ही काचेआडून मजा बघत होतात?” तो उठला, नळाकडे गेला आणि पेंटरशेजारी बसला. पेंटर घास चावत म्हणाला, “बसायचं तर बस. बोलू नकोस.” पण फिटरला बोलल्याशिवाय राहवतंय कुठे! तिथूनच तो ओरडला, “दादा, मत कुणाला द्यायचं ते आता आम्हाला सांगू नका. आमचं आम्ही बघू.”

“नाही सांगत,” फोरमन म्हणाला. त्या दिवशी कुणाचीही मान डोलली नाही. एकेक जण आपापला ग्लास विसळून कामाला लागला.

त्याला हलकं वाटलं. सुटी होताच तो तडक मागच्या गल्लीत गेला. फ्यूज एक पंखा उघडून बसला होता. फोरमननं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. फ्यूजनं उजवा कान पुढे केला. “जरा मोठ्यानं.” फोरमनला ते सगळं दुसऱ्यांदा, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगावं लागलं.

फ्यूजनं हातातला स्क्रू डबीत टाकला. मग म्हणाला, “वर्कशॉपात सांगितलंत?”

“आज. सगळ्यांसमोर.”

“म्हणजे त्यांना आधी आणि मला नंतर.” तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “मी सुटून वर्ष झालं, दादा. पाच वेळा इस्त्री घेऊन आलात. आजच का?”

खोटं बोलायचं त्राण फोरमनमध्ये उरलं नव्हतं. “निवडणूक आहे म्हणून,” तो म्हणाला.

“हं. मतं फिरवायला मी उपयोगी पडलो.”

फोरमननं हात जोडले, माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर फ्यूजनं हातानंच थांबवलं. “आत्ता नको. आत्ता मागितलीत तर कशासाठी मागताय तेच मला कळणार नाही. निकाल लागू दे. ते जिंकले तर या पायरीवर उभं राहणाऱ्याचंही नाव कुठेतरी लिहिलं जाईल. तेव्हा या आणि मागा. द्यायची की नाही, ते मी तेव्हा बघीन.”

“येईन,” फोरमन म्हणाला. साहेब हरावेत असं त्याला मनापासून वाटत होतं. पण घरी जाताना त्याला कळून चुकलं की आता त्यात आणखी एक कारण मिसळलं आहे: ते हरले, तर फ्यूजकडे बिनधोक जाता येईल.