नाव तर लिहिलं नव्हतं

मला पहिली नोकरी मिळाली ती मार्कांवर नाही, तोंडावर. तालुक्याच्या शाळेत मी हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची नक्कल करायचो आणि त्याबद्दल सगळ्यांचा मार खाल्ला होता. बारावी झाली आणि काकांनी सुरतेला बोलावून घेतलं. प्लेग येऊन गेल्याला वर्ष-दीड वर्ष झालं होतं. गावी पळालेले कारागीर परत येऊन लूमवर उभे राहिले होते. उधन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, फरसाणच्या दुकानाच्या माळ्यावर, कंप्युटर क्लास निघाला होता. तीन कंप्युटर, एक एसी, चपला बाहेर. मालक गुजराती, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा. मी त्याच्यासमोर त्याचीच नक्कल करून दाखवली. पोट धरून हसला आणि म्हणाला, "अल्या, तू पब्लिसिटी कर."

पब्लिसिटी म्हणजे जिन्याखाली टांगलेला काळा फळा. त्यावर मी रोज सकाळी लिहायचं. पहिले चार दिवस मी लिहिलं, "प्रवेश सुरू, त्वरा करा." कुत्रंसुद्धा थांबलं नाही. पाचव्या दिवशी चहावाल्या मावशीच्या आवाजात लिहिलं, "मेला कंप्युटर, दूध न घालता चालतो म्हणे!" सकाळी सातला पाळी बदलते. रात्रीचे घरी आणि दिवसाचे कामावर जाणारे आमच्याच फळ्यासमोरून जातात. त्यांच्यातले दहा-बारा थांबले. मग रोज एक नवा आवाज. दूधवाला, घरमालक, रिक्षावाला. गल्लीतले लोक वाचायचे आणि म्हणायचे, हा तर अमका! नाव मी कोणाचंच लिहायचो नाही. हा माझा नियम होता, आणि त्याचा मला अभिमान होता.

पुढे मी सुतळीला खडू बांधून लटकवला. लोक खाली उत्तरं लिहायला लागले. मावशीने लिहवून घेतलं, "उधारी दे आधी." कोणीतरी लिहिलं, "कंप्युटर लग्न जमवतो का?" दुपारपर्यंत फळा भरून जायचा. मी दिवसातून तीनदा जिना उतरून बघायचो, आज किती उत्तरं आली. जेवताना काकी बोलायची तेव्हा माझं लक्ष फळ्याकडे असायचं.

शेजारच्या लूमखात्यात एक मुकादम होता. प्रत्येक वाक्याला म्हणायचा, "समझा के नहीं?" त्यालाही मी एकदा फळ्यावर घेतला. सगळी पाळी हसली. तेव्हापासून तो रोज सकाळी येऊन, हात मागे बांधून, फळा पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायचा. हसायचा नाही.

आप्पा त्याच मुकादमाच्या हाताखाली लूम चालवायचे. धुळ्याकडचे, पन्नाशीला आलेले. फी भरून संध्याकाळच्या बॅचला येऊन बसले तेव्हा मला वाटलं, मुलासाठी चौकशी करताहेत. पण ते स्वतः शिकायला आले होते. एका बोटाने कळ दाबायचे आणि पडद्यावर अक्षर आलं की म्हणायचे, "बसनी गाठ!" लूमवर तुटलेला धागा जोडला की ते असंच म्हणायचे. वीस वर्षांची सवय. अख्ख्या खात्यात ते वाक्य त्यांचंच होतं.

मी एकदा विचारलं, "आप्पा, या वयात कशाला हे खूळ?"

त्यांनी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "आते माले धागा दिखत नही, भो."

डोळे गेले होते म्हणजे पूर्ण नाही. पण ताण्यातला, म्हणजे लूमवरच्या उभ्या धाग्यांतला, केसासारखा धागा तुटला तर कळायचं नाही. ते ताण्यावर तळहात फिरवून शोधायचे, आणि शेजारच्या लूमवर त्यांचा भाचा होता, तो मुकादमाची पाठ फिरली की धावत येऊन गाठ मारून जायचा. धागा सुटला की कापडाला रेघ पडते, आणि रेघा पडायला लागल्या की माणूस घरी. लूमखात्याच्या शेठच्या ऑफिसात दिवाळीनंतर कंप्युटर येणार होता. शेठ म्हणाला होता, शिकलेला आपलाच कोणी असेल तर बसवू. तोवर दोन महिने ढकलायचे होते.

"ह्या अक्षरं दिखतस माले," पडद्यावर बोट ठेवून आप्पा म्हणाले. "मोठाल्ली शेतस. कोनले सांगू नको."

मी म्हटलं, "मी कशाला सांगू?"

त्याच आठवड्यात मालक वैतागला. "पब्लिक नीचे खडी रहती है, हँसती है, ऊपर कौन आता है? जोक नहीं चाहिए, अल्या. सच्चा स्टुडंट लिख. ऐसा लिख के आदमी सीढी चढे."

सकाळी फळ्यासमोर उभा राहिलो आणि हात आपोआप चालला. आप्पांचा सूर माझ्या कानात बसलेलाच होता. मी लिहिलं, "लूमचा धागा दिखत नही, पण कंप्युटरनं अक्षर दिखस! एक बोट मारं, बसनी गाठ! तुम्ही कव्हय येतस?" वाचून बघितलं. इतकं चांगलं मी आजवर लिहिलं नव्हतं. आणि नाव तर लिहिलं नव्हतं.

सातला गर्दी झाली. हसणं वरपर्यंत ऐकू आलं. त्या एका दुपारी तीन जण जिना चढून आले. मालकाने मला समोसा मागवला.

चारला मी उत्तरं बघायला खाली गेलो. सगळ्यात शेवटी, मोठ्या ठसठशीत अक्षरात, हिंदीत लिहिलं होतं, "धागा नहीं दिखता उसको आज छुट्टी दे दी. समझा के नहीं?"

काय झालं ते भाच्याने सांगितलं. मुकादमाने सकाळीच आप्पांचं लूम बंद केलं, कात्रीने एक धागा कापला आणि म्हणाला, जोड. सगळी लाइन बघत होती. आप्पांनी हात फिरवला, टोक सापडलं, दुसरं सापडेना. भाचा पुढे सरकला तर मुकादमाने त्याला हाताने अडवला. "तू बस देख." पाच मिनिटं ते तसेच उभे होते. हे सांगताना भाचा मला मारेल असं वाटलं, पण तो फक्त म्हणाला, "तुला हसवायला दुसरं कोणी नव्हतं का रे?"

मला आपल्या आवाजावर फार भरवसा होता. दुसऱ्या दिवशी क्लासच्या फोनवरून मी खात्यात फोन लावला आणि हुबेहूब शेठच्या आवाजात मुकादमाला म्हणालो, "देख भाई, वो आप्पा पुराना आदमी है. काम पे वापस ले ले."

मुकादमाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जी शेठ. एक मिनिट, शेठ को देता हूँ."

शेठ समोरच बसून चहा पीत होता. रिसीव्हर त्याच्या कानाला लागला आणि मी बावळटासारखा त्यालाच त्याच्या आवाजात दोन वाक्यं ऐकवली. पलीकडून थंडपणे आलं, "कोण छे तू?"

मी फोन आपटला. नंतर कळलं, भाच्याने सकाळीच शेठचे पाय धरले होते आणि शेठ आप्पांना गेटवर बसवायला जवळजवळ तयार झाला होता. फोन आप्पांनीच करवला असं धरून तो म्हणाला, मला बनवतो काय. गेट नाही आणि दिवाळीनंतरचं ऑफिसही नाही.

संध्याकाळी आप्पा बॅचला आले. चपला काढल्या, नेहमीच्या कंप्युटरवर बसले. मी पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "तो फोन तुनाच व्हता ना?"

मी मान हलवली. माफी मागायची होती, पण ती माझ्या खऱ्या आवाजात मागायला हवी होती, आणि तो निघेना.

"काल सकायले मी बी वाचं फळ्यावर," ते म्हणाले. "समदा हासनात, मंग मी बी हासनू. नही हासतू तर समजी जातात."

मग राहिलेला तास त्यांनी टाइप केलं. "बसनी गाठ" एकदाही नाही, नुसता कळांचा आवाज. आठवड्याभरात ते गावी गेले. भुसावळ पॅसेंजर उधन्याला थांबते, स्टेशन क्लासपासून चालत दहा मिनिटं. मी गेलो नाही.

आत्ताही इथे मी कोणाचं नाव लिहिलेलं नाही; आप्पा तर त्यांना सगळेच म्हणायचे. गल्लीतलं कोणी वाचेल तर पहिल्या पानावरच ओळखेल.

मालकाला मात्र तो फळा फार आवडला होता. "उस काका का और लिख, वो चलता है." मी नाही म्हटलं आणि नुसतं "प्रवेश सुरू" लिहिलं. सातला लोक आले, थांबले, एकमेकांकडे बघून पुढे गेले. दुपारी खाली गेलो तर कोणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, "आज आप्पा काय म्हणतात?"

मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलेलं होतं, आणि अक्षर वेगळं होतं.