प्याल्याची दुसरी कड

काल नातीनं माझ्या हातातला अर्धा चहा ओढून घेतला आणि मी ओठ लावले होते तिथूनच पिऊन टाकला. "अगं, उष्टा आहे!" मी ओरडले. "मग काय झालं आजी? तुझाच हाय की!" ती हसली. मला मात्र साऊबाई आठवली.

पन्नास सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात मी शाळेत बाई होते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना 'प्रभूपुढं सगळे सारखे' असं शिकवत होते. चपलांचं कातडं कमावणाऱ्या घरातली साऊबाई नुकतीच बाप्तिस्मा घेऊन आमच्यात आली होती. प्रभुभोजनाच्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली. तिच्या लुगड्याला कातड्याचा वास येत होता. द्राक्षरसाचा एकच प्याला बाकांवरून हातोहात फिरायचा. तिनं घोट घेऊन तो माझ्याकडं दिला आणि मी अंगठ्यानं हळूच फिरवून दुसऱ्या कडेनं प्यायले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, म्होरल्या ऐतवारपास्नं मी मागं बसतो. उगं तुमास्नी अवघड नगं."

आवाजात राग नव्हता. "बस की इथंच," एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हे आज लिहितानाही मान खाली जाते.

पुढं कितीतरी वर्षं ती शेवटच्या बाकावर बसली. प्याला तिच्याकडं सगळ्यांत शेवटी जायचा. आम्हा साऱ्यांचं उष्टं ती दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून प्यायची. कड न फिरवता.