पाकीट देवगावात होतं

"काका, तीनदा पिन चुकला. आता हे कार्ड काहीच घेत नाही," म्हणत रश्मीने स्मार्टकार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात ती पहिल्यांदाच आली होती. तिचे वडील, निवृत्त शिक्षक, माझे जुने क्लायंट. महिन्यापूर्वी गेले.

गुरुजींनी खेड्यापाड्यांतल्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. कुणी मारलं, कुणी अब्रूवर हात टाकला, सगळं नावानिशी. नावं बाहेर जाणार नाहीत, असा त्यांनी शब्द दिला होता. म्हणून मी त्या फाइल्स एन्क्रिप्ट करून दिल्या, म्हणजे कुलूपबंद केल्या. किल्ली कार्डातल्या चिपमध्ये. तिथून ती मलाही काढता येत नाही, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. तीनदा पिन चुकला की कार्ड बंद. ते पुन्हा चालू करणारा कोड बंद पाकिटात देतो, त्याची नक्कल माझ्याकडेही ठेवत नाही, आणि बजावतो, पाकीट कार्डाजवळ ठेवू नका.

रश्मीने स्वतःची जन्मतारीख, आईची, आईबाबांच्या लग्नाची, तिन्ही टाकून पाहिल्या होत्या.

"मला त्या बायकांचं काही ऐकायचं नाही हो. मधेमधे बाबा प्रश्न विचारतात ना, तेवढंच. घरात त्यांचा आवाजच कुठं नाही."

माझ्या रजिस्टरात पाकीट कुणाकडे ठेवलं त्या रकान्यात गुरुजींच्या अक्षरात होतं: सखूबाई, देवगाव रंगारी. आम्ही लगेच गाडी काढली.

दुष्काळाचं वर्ष. सत्तरीच्या सखूबाई टँकरच्या रांगेत रिकाम्या हंड्याशेजारी बसल्या होत्या. गुरुजींची लेक म्हटल्यावर त्यांनी रश्मीच्या तोंडावरून हात फिरवला.

"पाकीट व्हय? माझ्या पेटीत होतं. गुर्जी गेल्याचं कळलं त्याच दिशी चुलीत घातलं. त्यांनीच सांगितलं होतं, मी गेलो की जाळा. लई जपलं बाई. काय चुकलं का माझं?"

"नाही आजी," रश्मी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. मला तिच्याकडे बघवेना. टँकर आला तेव्हा हंडा तिनेच भरून आणला.

त्याच फाइल्स उघडणारं जादा कार्ड करू या, असं मी गुरुजींना एकदाच म्हटलं होतं. ते नको म्हणाले आणि मीही सोडून दिलं. ज्याला गरज नाही त्याच्या हाती किल्ली देऊ नका, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. ते तंतोतंत पाळणारे फक्त गुरुजीच भेटले. आता कार्ड देण्याआधी मी विचारतो, घरच्यांसाठी तुमचा आवाज वेगळा ठेवलाय का?