एल्फांनी आमचं गाव का जाळलं

माझं कामच संशय घेण्याचं. घाटकोपरच्या एका ऑफिसात मी विम्याचे क्लेम तपासते. गाडी खरंच ठोकली का, दागिने खरंच चोरीला गेले का, जुन्या बिलावरची शाई जरा जास्तच ताजी दिसत नाही का. सतरा वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊनही सरळ राहत नाही. नवरा म्हणतो, तुला कुणी फूल दिलं तरी तू आधी देठ तपासशील. तपासते. त्यात काय?

त्यामुळे एल्फांनी आमचं गाव जाळलं तेव्हा मला पहिला संशय आला तो एल्फांचा नाही, माझ्या मैत्रिणीचा.

आधी खेळ सांगते. ही माझी पाचवीपासूनची मैत्रीण दहिसरला राहते. दर रविवारी जेवणं उरकली की तिच्या हॉलमध्ये आम्ही चौघं जमतो. ती, तिचा धाकटा भाऊ, वाकोल्याहून येणारा तिच्या ऑफिसातला मित्र आणि मी. ती गोष्ट चालवते, आम्ही तिघं गोष्टीतली माणसं होतो आणि कुठे अडलं की फासे टाकतो. चाळिशीतली माणसं असलं काहीतरी खेळतात याचं माझ्या सासूबाईंना अजून नवल वाटतं. गोष्टीत एक नदी आहे. अलीकडे माणसं, पलीकडच्या रानात एल्फ, लांब कानांचे, हजार-हजार वर्षं जगणारे. मी नदीकाठच्या गावाची पाटलीण. ते गाव मी तीन वर्षं रविवार-रविवार करून वसवलं होतं. प्रत्येक घरात कोण राहतं ते मला तोंडपाठ होतं.

खेळ सुरू करायची आमची एक पद्धत आहे. मैत्रिणीचं मूळ गाव वेंगुर्ल्याकडे. तिचे बाबा गिरणीत होते, पण गावाला गेले की देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. एकाने देवापुढे मोठ्याने सगळं मागणं सांगायचं आणि दर वाक्यानंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मैत्रीण त्याची झकास नक्कल करते. खेळाआधी ती आमच्या त्या नदीच्या देवाला गाऱ्हाणं घालते, आम्ही व्हय व्हय करतो आणि कोपऱ्यात पेपर वाचणारे बाबाही मान वर न करता सूर लावतात.

तर झालं असं. गावाला नवी होडी हवी होती, म्हणून पाटलीणबाईंनी, म्हणजे मी, भावाला पलीकडचे सहा साग तोडायला पाठवलं. त्याने तोडले, आणले, आम्ही होडीला सुरुवातही केली. पुढच्या रविवारी मैत्रिणीने अगदी शांतपणे सांगितलं की पहाटे एल्फ आले आणि त्यांनी गाव जाळलं. सगळं. एक घर राहिलं नाही. मी विचारलं, का? तर म्हणे करार मोडलात. नदीपलीकडे कुऱ्हाड न्यायची नाही असा करार पावसाळ्याआधी झाला होता आणि तुम्ही सगळ्यांनी त्याला व्हय म्हटलं होतं.

कसला करार? मला आठवेना. भावाला आठवेना. वाकोल्याचा म्हणाला, यार, मी तर पहिल्यांदाच ऐकतोय. तिथेच माझ्या लक्षात आलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

तिचा एल्फांकडे ओढा मला आधीपासून दिसत होता. एल्फ बोलायला लागले की तिचा आवाजच बदलायचा, शहाणपणाचं सगळं त्यांच्या तोंडी आणि आम्ही माणसं म्हणजे हावरट. शिवाय महिन्याभरापूर्वी तिच्या भावाला आलेल्या एका स्थळाची मी चौकशी केली होती, आणि माझ्या चौकशीपायी ते मोडलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की तुला सगळीकडे चोरच दिसतात. आता मला वाटलं, तो राग इथे काढतेय बया. आणि मी ते सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

“गाव जाळायचं तुझं आधी ठरलं,” मी म्हटलं. “करार तू मागाहून घुसवलास.”

तिने फासे गोळा करून पिशवीत भरले. “मी खोटारडी वाटते ना तुला?” ती म्हणाली. “मग माझ्या घरी येऊ नकोस गं.”

चार रविवार गेले. फोन नाही, मेसेज नाही, ग्रुप मुका. एवढ्या वर्षांत आम्ही इतके दिवस कधी अबोला धरला नव्हता, माझ्या लग्नाच्या साडीवरून भांडलो होतो तेव्हाही नाही. मला तिची भयंकर आठवण येत होती. पण रागही जात नव्हता, आणि मी मनातल्या मनात एल्फांवर खटला चालवत होते. सहा झाडांसाठी पोराबाळांसकट घरं जाळणाऱ्यांना शहाणं कोण म्हणेल? तुम्ही हजार वर्षं जगता, आम्ही साठ-सत्तर. आजोबाने दिलेला शब्द नातवाला माहीत नसणार हे तुम्हाला कळत नाही? एकदा येऊन बजावायचंत तरी. दोष तुमचाच.

मग मला आठवलं की माझ्याकडे पुरावा आहे. पावसाळ्याआधी एका रविवारी वाकोल्याचा आला नव्हता, वर्सोव्याला त्याच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. त्याच्यासाठी मी सगळा खेळ माझ्या फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला होता. अर्थातच कुणी ऐकला नव्हता. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून मी तो लावला. तिला पकडायचं म्हणूनच लावला, खोटं कशाला बोलू.

सुरुवातीलाच गाऱ्हाणं होतं. पीक चांगलं येऊ दे, व्हय म्हाराजा. होडी बुडू नये, व्हय म्हाराजा. मग तिचा आवाज आला, खणखणीत, “नदीपलीकडे जो कोण कुऱ्हाड घेऊन जायत, तेचा घर जाग्यार रवाचा नाय.” आणि आम्ही सगळ्यांनी म्हटलं, व्हय म्हाराजा. सगळ्यात मोठा आवाज माझा. ती थांबली. तिने साध्या मराठीत विचारलं, ऐकलंत ना, नक्की ना? त्यावर माझा आवाज, “हो गं बाई, व्हय व्हय, पुढे चल, चहा निवतोय.”

डबा तसाच राहिला. टेबलावर माझ्यासमोर एक फाइल होती. त्यातल्या फॉर्मवर एका बाईने न वाचता सही केली होती आणि सकाळीच फोनवर मी तिला सुनावलं होतं की सही तुमचीच आहे ना, फॉर्म वाचला नाहीत त्याला आम्ही काय करणार. दिवसाला अशी दोन-तीन माणसं तरी मी वाटेला लावते. माझी मलाच लाज वाटली. हेही खरं की क्षणभर मनात आलं, कुणी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही, गप्प बसावं.

रविवारी दहिसरला गेले. दार बाबांनी उघडलं आणि मला बघून ते नुसतेच बाजूला झाले. मैत्रीण ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. रेकॉर्डिंग लावायचं ठरवून आले होते, पण ते लावलं असतं तर तोही एक पुरावाच झाला असता, माफी नाही. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभी राहिले आणि माझ्या मोडक्या मालवणीत गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, पलीकडचे साग मी तोडूक लावलंय.” हॉलमधून बाबा म्हणाले, व्हय म्हाराजा. “करार झालो होतो, मी कान देऊक नाय.” व्हय म्हाराजा. “मैत्रिणीक खोटी म्हटलंय, ती माझी चूक.” बाबांचा सूर आता चढला होता. “आणि घरां जाळल्याचा पाप एल्फांचा, ता एल्फांच्याच पदरात ऱ्हव दे.” बाबा म्हणाले, व्हय म्हाराजा.

“बाबा, थांबा,” मैत्रीण म्हणाली. ती वळली. डोळे लाल होते तिचे. “ते शेवटचं काय म्हणालीस? परत म्हण. सावकाश म्हण.”

मी परत म्हटलं, सावकाश. तिने हातातली मेथी खाली ठेवली आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, “व्हय.”

ऐकून म्हटलेलं व्हय त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकलं.