पार्कातली वेळा अमावस्या

मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला आमच्याकडे शेतात जेवायचं असतं. उभ्या ज्वारीत पाच दगडांना चुना फासून पांडव मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि घरच्या कर्त्यानं आंबील शिंपडत आपल्या शेताला फेरी घालायची. आमचं शेत विकलं गेलं. दादानं शहरात, तारनाक्याला, फ्लॅट घेतला आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्याच्याकडे राहायला आले. पण त्या फेरीवाचून त्यांना चैन पडेना.

"शहराबाहेर तलावाकाठी सरकारी पार्क आहे, तिथे जाऊ. माती ती मातीच," दादा म्हणाला. असल्या कल्पना त्यालाच सुचतात.

मी पहाटे उठून पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडकंभर आंबील केली. पार्क म्हणजे काय, तर उजाड माळ, मध्ये आटत चाललेलं पाणी आणि कुंपणाआड पाइपानं जगवलेली हिरवळ. फाटकावरच्या गार्डनं पिशव्या उघडायला लावल्या.

"बाहर का खाना अंदर नक्को अम्मा, इधरिच रखो."

मी भांडायला तोंड उघडलं, तर दादाच म्हणाला, "अगं ठेव ना, कशाला तमाशा?" मडकं गार्डच्या खुर्चीखाली गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आत गेल्यावर दादा चहा आणायला वळला. अण्णांनी एका बाभळीखाली पाच खडे मांडले, हात जोडले आणि आंबिलीऐवजी पाण्याची बाटली घेऊन उभे राहिले. नुसतेच उभे.

"कुठून शिंपू? आपला बांध कुठंय?"

मी खाली वाकून खडे सरळ करू लागले.

"शेताच्या विक्रीवर सही करताना मला एकदा विचारायचं होतंस, माय," अण्णा म्हणाले.

"तुम्ही तयार आहात, असं दादा म्हणाला होता."

अण्णा माझ्याकडे वळले. "मला म्हणला, बहिणीनं सही केली, आता तुमच्यापायी अडलंय."

तेवढ्यात दादा तीन चहा घेऊन आला. "झाली का फेरी?"

अण्णांनी बाटली तिथंच ओतून टाकली आणि म्हणाले, "झाली."

त्याला तिथल्या तिथे जाब विचारायला हवा होता. गार्डशी भांडायला निघालेली मी भावापुढे मूग गिळून बसले. त्यानं पुढे केलेला कप घेतला आणि चहा प्याले. दादाचा राग येतोच, पण त्या चहाची लाज जास्त वाटते.